घंटी वाजवली की कोण येतं? ज्येष्ठांच्या वसाहतींचं गणित, सोप्या भाषेत

रविवारच्या पुरवणीत हल्ली एक जाहिरात हमखास असते. पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं, मागे हिरवळ, खाली 'सेकंड इनिंग' छापाचा एखादा शब्द आणि सुविधांची यादी. यादीत जलतरण तलाव असतोच. (माझ्या ओळखीत सत्तरीपुढे पोहणारं एकच माणूस आहे आणि ते टिळक टँक सोडून कुठे जायला तयार नाही.) घरात कुणीतरी जाहिरात मोठ्याने वाचतं आणि दोन आवाज उठतात. एक म्हणतो, 'बघून तर येऊ.' दुसरा म्हणतो, 'म्हणजे वृद्धाश्रमच की!'

माझ्या आत्याच्या घरी हेच झालं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, मुलगा बंगळूरला, मुलगी नाशिकला, काका गेलेले. बघून आली, आवडलं, राहायला गेली. तीन वर्षं उत्तम गेली. मग एका पहाटे बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सोडताना आम्ही निर्धास्त होतो, कारण ती परत जाणार होती ती ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या ठिकाणी. तिथल्या ऑफिसातून फोन आला: 'आजींना आता उठवायला-बसवायला माणूस लागेल. ती सोय आमच्याकडे नाही. तुम्ही ब्यूरोची बाई बघा.' (ब्यूरो म्हणजे घरी शुश्रूषेला माणसं पुरवणारी एजन्सी.) चूक त्यांची होती असं म्हणता येईना, कारण करारात तसंच लिहिलेलं होतं. तो करार आमच्यापैकी कुणी वाचला नव्हता, ही खरी गोष्ट.

तेव्हापासून मी अशी ठिकाणं बघतो आणि करार वाचतो. समजलं ते इथे मांडतो.

### एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी

पहिली, वृद्धाश्रम. हा बहुधा संस्था किंवा ट्रस्ट चालवतो. खोली किंवा खाट मिळते, जेवण-औषधपाणी मिळतं, महिन्याला ठराविक रक्कम असते किंवा काही ठिकाणी काहीच नसते. महाराष्ट्राला हे नवीन नाही. पुण्यातला 'निवारा' मूळचा डेव्हिड ससून यांच्या नावाचं अनाथ पंगू गृह, एकोणिसाव्या शतकातला.

दुसरी, ज्येष्ठांची वसाहत, म्हणजे जाहिरातीतली. इथे तुमचा स्वतंत्र फ्लॅट असतो, स्वतःचं कुलूप, स्वतःचा गॅस. जोडीला सामाईक भोजनगृह, साफसफाई, दवाखान्याची खोली, अॅम्ब्युलन्स, गाण्याची बैठक. पुण्यातली 'अथश्री' किंवा नेरळची डिग्निटी फाउंडेशनची वसाहत ही नावं अनेकांच्या कानावर असतील. देशात यात आघाडी कोइमतूरची. राहायला वयाची अट असते, बहुतेक ठिकाणी 55 किंवा 60.

तिसरी, साहाय्यित निवास. बोलताना सगळे 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणतात, तेच मीही म्हणेन. इथे माणूस स्वतःचं स्वतः करू शकत नाही हे गृहीत धरलेलं असतं. आंघोळ घालायला, भरवायला, रात्री कूस बदलायला माणसं असतात, परिचारिका असते.

घोटाळा होतो तो असा की फ्लॅट दुसऱ्या प्रकारातला घ्यायचा आणि मनात तिसरा धरायचा. पुण्यात पीएमपीची बस कात्रजपर्यंत जाते असं समजून चढावं आणि तिने स्वारगेटलाच उतरवावं, तसं. बस खोटी नसते. शेवटचा थांबा कुठला, हे आपण कंडक्टरला विचारलेलं नसतं.

### शेवटचा थांबा ओळखायचा कसा

डॉक्टर मंडळी यासाठी एक साधी मोजपट्टी वापरतात. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी ती 1963 मध्ये मांडली. माणूस रोजची सहा कामं स्वतः करतो का, एवढंच बघायचं: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. सहाच्या सहा जमतात तोवर माणूस 'स्वतंत्र'. एकेक सुटत जातं तसा मदतीचा माणूस लागतो. बहुतेकांचं आधी आंघोळीचं सुटतं, हाताने जेवणं सगळ्यात शेवटी. गंमत म्हणजे तान्ही मुलं हीच कामं साधारण उलट्या क्रमाने शिकतात.

तेव्हा बघायला गेलात की 'तुमच्याकडे वैद्यकीय सोय आहे का?' असं मोघम विचारू नका. उत्तर 'हो' असंच येतं. रक्तदाब मोजणारी नर्सही वैद्यकीय सोयच. विचारायचं ते असं: यातली दोन कामं सुटली तर मी इथे राहू शकतो का? चार सुटली तर? माणूस तुम्ही देणार की मी आणायचा? त्याचे पैसे महिन्याच्या बिलात की वेगळे?

आणि एक प्रश्न सगळे टाळतात तो म्हणजे विस्मरणाचा. देशातल्या 60 वर्षांवरच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे 88 लाखांच्या आसपास माणसांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला. अशा माणसाची सहाही कामं सुरुवातीला ठीक चालू असतात. पण तो गॅस चालू ठेवून फिरायला जातो आणि आपली इमारत विसरतो. अनेक वसाहतींच्या करारात 'इतर रहिवाशांना धोका किंवा त्रास होत असल्यास' अशा शब्दांचं एक कलम असतं. ते कलम बहुतेक वेळा या माणसासाठी असतं.

### फ्रीज आणि त्याची एएमसी

फ्रीज घेतला की तो तुमचा. त्याची वार्षिक देखभाल, म्हणजे एएमसी, हा निराळा कागद, बहुधा निराळ्या कंपनीचा. दरवर्षी नवा करायचा, दर बदलणार, कंपनी बंदही पडणार. ज्येष्ठांच्या वसाहतीत तुम्ही नेमक्या याच दोन गोष्टी घेता, भिंती आणि सेवा. कायदा यातल्या पहिलीच्या बाजूने भक्कम उभा आहे.

भिंतींसाठी रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, आहे. महाराष्ट्रात तो 1 मे 2017 पासून पूर्ण लागू झाला. करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, आणि ताबा दिल्यावर पाच वर्षं बांधकामातला दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. 2019 मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानंतर 2024 मध्ये महारेराने, म्हणजे हा कायदा राज्यात राबवणाऱ्या प्राधिकरणाने, आपल्या राज्यासाठी, ज्येष्ठांचे म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांत काय असायला हवं ते सांगितलं: दारं किमान 900 मिलिमीटर रुंद, एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, न घसरणाऱ्या फरश्या, आधाराचे कठडे, संकटाची घंटी. खरेदीच्या करारातही हे यायला हवं.

900 मिलिमीटर हा आकडा रुक्ष वाटतो, पण घरच्या बाथरूमचं दार एकदा टेप लावून मोजा. जुन्या इमारतींत ते दोन-अडीच फूट भरतं. चाकाची खुर्ची तेवढ्यात घुसतच नाही, घुसली तर ढकलणाऱ्याची बोटं चिरडतात. आत्याला जुन्या घरी परत आणायचं का, यावर आमच्याकडे तीन दिवस खल चालला होता. तो त्या दाराने मिटवला.

आता सेवेकडे या. घंटी हवी, असं नियम सांगतो. ती वाजल्यावर किती मिनिटांत, कोण, काय शिकलेला माणूस येईल, ते मात्र बिल्डरने नेमलेल्या 'ऑपरेटर'च्या कागदावर ठरतं. ऑपरेटर म्हणजे वसाहत चालवणारी कंपनी: स्वयंपाकी, सफाईवाले, नर्स, मॅनेजर तिचे. तिचा करार काही वर्षांचा असतो. मुदत संपली, परवडेनासं झालं, भांडण झालं, तर ती जाते. मग भिंती तुमच्या, आणि आत सेवा नाही.

म्हणून विक्री कराराच्या जोडीला सेवेचा करार मागा. 'तो ताब्याच्या वेळी देतो' असं उत्तर आलं, तर ताब्याच्या वेळी पैसे देतो असं म्हणून बघा.

### पैसे: तीन तऱ्हा आणि एक फसवा शब्द

एक तऱ्हा सरळ विकत घेण्याची. मालकी तुमची, मुलांना वारसाने जातं. पण बारीक अट बघा: मुलगा मालक होतो, तरी तो 48 वर्षांचा असेल तर बहुतेक ठिकाणी तिथे राहू शकत नाही. भाड्याने किंवा विकायला गेला तरी गिऱ्हाईक पंचावन्नच्या पुढचंच लागतं. बाजार आधीच लहान, त्यामुळे वेळ लागतो, आणि फ्लॅट रिकामा असला तरी महिन्याचं बिल चालूच राहतं.

दुसरी तऱ्हा डिपॉझिटची. समजा 30 लाख ठेवले, सोडताना परत मिळणार. 'परत मिळणार' हाच तो फसवा शब्द. तीस लाख बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला 2 लाख 10 हजार मिळाले असते, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. ते तुमचं न दिसणारं भाडं. वर दरवर्षी काही टक्के कापून घेण्याची अट असेल तर ती वेगळी. शिवाय परत कधी मिळणार? 'नवा रहिवासी आल्यावर' असं लिहिलं असेल, तर तारीख ठरलेलीच नाही.

तिसरी तऱ्हा महिन्याच्या भाड्याची. महिन्याचा आकडा मोठा दिसतो, पण पटलं नाही तर उठून जाता येतं. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष असंच काढावं, जुनं घर न विकता. पावसाळा, दिवाळी आणि एक आजारपण तिथे काढल्याशिवाय जागा कळत नाही.

तऱ्हा कोणतीही असो, महिन्याचा सेवाखर्च वाढत जातो. एक सोपी युक्ती आहे: 72 ला वाढीच्या टक्क्याने भागा, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. दरवर्षी 7 टक्के वाढ धरली तर साधारण दहा वर्षं. आज 30 हजार असतील तर दहा वर्षांनी 60 आणि वीस वर्षांनी सव्वा लाखाच्या जवळ. पासष्टीला जाणाऱ्याने पंच्याऐंशीचं बिल आजच मांडावं. पेन्शन महागाई भत्त्यासह असेल तर निभावतं. सगळी भिस्त मुदतठेवीच्या व्याजावर असेल तर आकडेमोड दोनदा करा.

### सगळे एकदमच म्हातारे होतात

ही गोष्ट मला कुठल्याही जाहिरातपत्रकात दिसली नाही, पण वसाहतीत दहा वर्षं काढलेला माणूस पहिली हीच सांगतो. नव्या वसाहतीत सगळे साधारण पासष्ट ते सत्तरचे येतात. नाटक बसवतात, पन्हाळ्याची सहल काढतात, कोजागरीला बारापर्यंत जागतात. दहा वर्षांनी तेच सगळे पंच्याहत्तर ते ऐंशीचे असतात. सहल बंद होते आणि घंटी जास्त वाजू लागते. एका नर्सवर भागायचं तिथे तीन लागतात.

म्हणजे खर्च वाढवायला हवा. पण तोवर सोसायटी स्थापन झालेली असते, निर्णय सर्वसाधारण सभेत होतो. काही फ्लॅट वारसांकडे गेलेले असतात. तो वारस ठाण्यात किंवा टोरांटोत असतो, सभासद असतो, आणि रिकाम्या फ्लॅटसाठी रात्रपाळीच्या नर्सचे जादा पैसे का भरायचे, हे त्याला कुणी पटवून देऊ शकत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही कुरकुरलोच असतो.

जुनी वसाहत बघायला गेलात तर हॉलमधले फोटो बघत बसू नका. गेल्या तीन वर्षांची ताळेबंदं आणि सभेची इतिवृत्तं मागा. राखीव निधी किती आहे बघा. आणि नव्याने राहायला येणाऱ्यांचं वय काय, ते विचारा. पन्नाशी-साठीतली माणसं अजून येत असतील तर वसाहत जिवंत आहे.

### 'त्यापेक्षा घरीच बाई ठेवू की'

हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि बऱ्याच घरांचं उत्तरही तेच आहे. ब्यूरोची बाई बारा तासांची किंवा चोवीस तासांची मिळते. घर आपलं, खिडकी आपली, भाजीवाला ओळखीचा. एकाच माणसाला सांभाळायचं असेल, बाई चांगली लागली आणि जवळ एखादं नात्याचं माणूस देखरेखीला असेल, तर घरासारखं काही नाही.

पण बाईची सुट्टी असते. तिच्या गावाला जत्रा असते, तिचं मूल आजारी पडतं. त्या दिवशी ब्यूरो 'बदली पाठवतो' म्हणतो आणि दुपार होते. घरच्या व्यवस्थेत एक माणूस गेलं की सगळं थांबतं. संस्थेत निदान पाळीचं वेळापत्रक असतं. दुसरं म्हणजे, चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागं माणूस नव्हे, ती रात्री झोपणारच. हे उघड आहे, तरी आपण सोयीने विसरतो.

मदत लागत नसेल, फक्त एकटेपणा आणि जिना हेच प्रश्न असतील, तर तिसराही रस्ता आहे: त्याच भागात लिफ्टच्या इमारतीत खालच्या मजल्यावर भाड्याने जाणं. हे इतकं साधं आहे की कुणी त्याची जाहिरात करत नाही.

### 'म्हाताऱ्यांत राहून आणखी म्हातारं व्हायचं?'

काही जणांचं होतं तसं. दर महिन्याला कुणीतरी जातं, फलकावर फोटो लागतो, आणि मनावर त्याचा भार पडतो. ज्यांना गल्लीतली पोरं, क्रिकेटचा चेंडू, शेजारची भांडणं लागतात, त्यांनी खुशाल जुन्या गल्लीत राहावं. उलट आत्या सांगायची की जुन्या इमारतीत तिच्याशी दिवसभर बोलायचा तो फक्त कुरिअरवाला. नव्या जागी पत्त्यांचा डाव जमला, ऐकू कमी येतं म्हणून कुणी हसत नव्हतं, कारण कुणालाच ऐकू येत नव्हतं.

### 'पोटची मुलं असताना?'

या प्रश्नात राग असतो तसंच अपराधीपणही असतं. मला वाटतं, वसाहतीत गेल्यावर मुलांचं काम बदलतं, संपत नाही. रात्री दोन वाजता दवाखान्यात डिपॉझिट कोण भरणार, ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार? बहुतेक वसाहती भरती करताना जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहून घेतात, ते याचसाठी. ज्यांना मूलबाळ नाही त्यांनी हे नाव आधी ठरवून, त्या माणसाला विचारून ठेवावं. मॅनेजर सही करत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी हट्टी आहे. वसाहतीत जायच्या आनंदात जुनं घर मुलांच्या नावे बक्षीस करून मोकळे होऊ नका. केलंच तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 सांगतं की अशी अट असून ती पाळली गेली नाही, तर ते हस्तांतर रद्द करता येतं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं बक्षीसपत्र रद्द ठरवून आईला ताबा परत द्यायला सांगितलं.

### ज्यांच्याकडे विकायला फ्लॅट नाही

इथवरचं सगळं मध्यमवर्गाचं झालं. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं 10 कोटी 40 लाखांच्या घरात होती; 2050 पर्यंत ती 34 कोटी 70 लाखांवर जातील असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. यातल्या बहुतेकांना जाहिरातीतला फ्लॅट परवडणार नाही.

त्यांच्यासाठी वर सांगितलेला 2007 चाच कायदा आहे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. वकील लागत नाही. मूळ कायद्यात दरमहा 10 हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्त्याची तरतूद आहे. दर जिल्ह्यात निराधारांसाठी किमान 150 जणांचा एक तरी वृद्धाश्रम, हेही कायद्यात आहे. पण इंग्रजी मसुद्यात तिथे 'करील' नाही, 'करू शकेल' असा शब्द आहे, आणि आपल्याकडे त्या एका शब्दावर वर्षं निघून जातात. अडचणीत सापडलेल्या ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन देशभर चालते, फोन फुकट आहे. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं. मात्र ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाचं. घरी उठवायला-बसवायला येणाऱ्या माणसाचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

### बघायला जाल तेव्हा

सकाळी अकराला, विक्रीच्या माणसाबरोबर जाऊ नका. म्हणजे जा, पण तेवढ्यावर थांबू नका. एकदा न सांगता संध्याकाळी जा, भोजनगृहात पैसे देऊन जेवा. भात मऊ आहे का बघा, ताटं कोण उचलतं बघा, कामाच्या मावश्या रहिवाशांना नावाने हाक मारतात का ऐका.

आत्यासाठी दुसरी जागा शोधताना मी असाच एका वसाहतीत रात्री साडेआठला गेलो होतो. सगळं छान होतं: रुंद दारं, कठडे, प्रत्येक बाथरूममध्ये लाल दोरी. बाकावर एक आजोबा शतपावली करून बसले होते. मी त्यांना विचारलं, 'काका, ती दोरी ओढली की कोण येतं हो?'

'दिवसा की रात्री?'

'रात्री.'

'रात्री वॉचमन येतो,' ते म्हणाले. 'पोरगा चांगला आहे. धावत येतो. पण तो वॉचमन आहे.'